सिम्युलेशनमधले दोन टक्के आणि ग्राहकाच्या वाट्याचे सहा

मोबाइल नेटवर्कचे प्लॅनिंग करणाऱ्यांत एक संदेश सतत फिरत असतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा मात्र हाच: "कव्हरेजचा नकाशा म्हणजे अंदाज, ट्रॅफिक सिम्युलेशन म्हणजे पुरावा. रिजेक्शन २ टक्क्यांच्या आत आले की नेटवर्क तयार. शंका असेल तर स्नॅपशॉट वाढवा. सरासरी लोड ६० टक्के असेल तर ४० टक्के जागा शिल्लक आहे. लाल दिसेल त्या सेलला कॅरियर वाढवा. ग्राहकाला किती वेग मिळेल ते सरासरी थ्रूपुटच्या रकान्यात वाचा."

सहा वाक्ये, सगळी पाठ होण्याजोगी. (सेल म्हणजे एका अँटेनाने सांभाळलेला भाग, लोड म्हणजे त्याच्या क्षमतेपैकी वापरात असलेला हिस्सा, रिजेक्शन म्हणजे सेवा नाकारलेल्या वापरकर्त्यांचे प्रमाण, कॅरियर म्हणजे फ्रिक्वेन्सीचा एक पट्टा, थ्रूपुट म्हणजे डेटाचा मिळालेला वेग.) नव्या माणसाला कामावर घेतले की पहिल्या आठवड्यात कोणीतरी हीच सांगते. मीही कधीकाळी सांगितली आहेत.

पहिल्या वाक्यात तथ्य आहे, पण अर्धेच. साधा कव्हरेज नकाशा लोड गृहीत धरतो, सिम्युलेशन तो काढते. सॉफ्टवेअर ट्रॅफिक मॅपवर (कुठे किती वापर आहे ते सांगणाऱ्या नकाशावर) वापरकर्ते यदृच्छेने टाकते. प्रत्येकाला एक सेवा, एक हँडसेट, घरात की बाहेर, आत्ता डेटा वाहतोय की नाही, हे सगळे फासे टाकून ठरते. इमारती-झाडांमुळे सिग्नलमध्ये होणारा चढउतारही तसाच ठरतो. मग पॉवर आणि रिसोर्स (सेलकडची वेळ-फ्रिक्वेन्सीची जागा) वाटले जातात, त्यातून इंटरफिअरन्स (सिग्नलचा एकमेकांना होणारा अडथळा) बदलतो, म्हणून पुन्हा वाटप, आणि आकडे स्थिरावेपर्यंत हा फेरा चालतो. शेवटी कोण जोडले गेले आणि कोण बाहेर राहिले याची यादी मिळते. हा झाला एक स्नॅपशॉट. एका सेलचा लोड शेजारच्या सेलचा इंटरफिअरन्स होतो, हे चक्र पकडण्यासाठी याहून चांगले साधन हाताशी नाही, हे मान्यच. पण पुरावा म्हणायचे तर जे घडले आहे त्याचा असतो. हा कधीच न घडलेल्या एका क्षणाचा फोटो आहे, आणि तो क्षण कसा असावा ते आपणच दिलेल्या ट्रॅफिक मॅपने ठरवले आहे.

आता दुसरे वाक्य. खरे भांडण इथेच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

"रिजेक्शन २ टक्के" वाचले की मनात लगेच ब्लॉकिंगचे, म्हणजे चॅनेल मोकळे नाही म्हणून नाकारलेल्या कॉलचे, २ टक्के उभे राहतात. तो आकडा टेलिफोनच्या जगात मुरलेला आहे. आग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ मध्ये मांडलेल्या सूत्राने पिढ्यान्‌पिढ्या सर्किटे मोजली गेली. १० चॅनेल असतील आणि १०० पैकी २ कॉल नाकारलेले चालणार असतील, तर सुमारे ५.०८ अर्लांग ट्रॅफिक घेता येते (अर्लांग हे त्याच्याच नावाचे एकक; एक चॅनेल पूर्ण वेळ व्यापलेले म्हणजे एक अर्लांग). हे टेबल अनेकांना तोंडपाठ असते.

याच १० चॅनेलच्या सेलवर ५.०८ अर्लांगचा ट्रॅफिक मॅप टाकून हजारो स्नॅपशॉट काढले तर रिजेक्शन २ टक्के येईल का? नाही येत. रेडिओची सगळी गुंतागुंत बाजूला ठेवून फक्त मोजदाद केली, तरी स्नॅपशॉटमध्ये वापरकर्त्यांची संख्या पॉइसॉं वितरणाने (स्वतंत्र, यादृच्छिक घटनांच्या संख्येच्या नियमाने) पडते, १० च्या वरचे बाहेर राहतात, आणि त्यांचे प्रमाण निघते सुमारे अर्धा टक्का. उलट्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी बोचरे आहे. स्नॅपशॉटमध्ये २ टक्के रिजेक्शन यायला सुमारे ६.५ अर्लांग टाकावे लागतात. त्याच ६.५ अर्लांगला एरलांगचे सूत्र लावा: ब्लॉकिंग ६ टक्के.

सॉफ्टवेअर इथे काही चुकवत नाही. प्रश्नच वेगळा आहे. प्रत्यक्षात चॅनेल भरलेले असताना आलेला कॉल नाकारला जातो आणि निघून जातो. पुढच्या क्षणी चॅनेल मोकळे झाले तरी तो माणूस तिथे उभा नसतो. स्नॅपशॉटला मात्र आधी-नंतर काहीच माहीत नाही. त्याच्या लेखी बाहेर राहिलेला माणूस पूर्ण वेळ दारात थांबलेला असतो आणि जागा होताच आत शिरतो. म्हणून स्नॅपशॉट सांगतो की एकूण मागणीपैकी किती हिस्सा एका क्षणी बाहेर आहे, आणि ब्लॉकिंग सांगते की दार ठोठावणाऱ्यांपैकी किती जण परत गेले. दोन्ही टक्केवारीतच येतात, म्हणून एकमेकांच्या जागी बसवल्या जातात.

डेटा सेवांमध्ये तर रिजेक्शनचा अर्थ आपणच लिहितो. सेवेच्या व्याख्येत किमान थ्रूपुटची अट असते. ती पुरी झाली नाही की वापरकर्ता नाकारला जातो. ती अट शून्यावर आणा, रिजेक्शन जवळजवळ नाहीसे होते. नेटवर्कमध्ये एक स्क्रूही हललेला नसतो. तेव्हा कोणी रिजेक्शनचा आकडा छातीठोकपणे दाखवला की मी आधी सेवांचा तक्ता मागतो. त्याबरोबर हेही विचारतो की भाजकात कोण कोण धरले आहे: कव्हरेजच नसलेले वापरकर्ते मोजले की गाळले? या एका प्रश्नावर बैठक लांबलेली मी पाहिली आहे.

"शंका असेल तर स्नॅपशॉट वाढवा." वाढवा, पण त्याने काय मिळते ते ओळखून. मॉन्टे कार्लो पद्धतीत, म्हणजे असे यदृच्छेने नमुने काढून उत्तर शोधताना, यदृच्छेची चूक नमुन्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणजे ती निम्मी करायला चौपट स्नॅपशॉट लागतात. संपूर्ण नेटवर्कच्या आकड्याला २० स्नॅपशॉट बरेचदा पुरतात, कारण प्रत्येकात हजारो वापरकर्ते असतात. एका सेलची गोष्ट निराळी. सेलमध्ये सरासरी ३० वापरकर्ते धरले तर २० स्नॅपशॉटमध्ये ६०० होतात. त्यातले १२ नाकारले गेले तर २ टक्के. पण ९५ टक्के विश्वासाची पट्टी काढली की खरा आकडा साधारण ०.९ ते ३.१ टक्क्यांत कुठेही असू शकतो. एका सेलला १.७ आणि शेजारच्याला २.३ आले म्हणून त्यांची क्रमवारी लावणे म्हणजे नाणे पाच वेळा उडवून ते खोटे ठरवण्यासारखे. अगदी एकही नाकारला गेला नाही तरी ६०० मध्ये शून्य याचा अर्थ इतकाच, की खरे प्रमाण बहुधा अर्ध्या टक्क्याच्या खाली आहे. आणि हे गणितही उदार आहे. ते प्रत्येक वापरकर्ता स्वतंत्र मानते, पण एका स्नॅपशॉटमधले सगळे जण एकमेकांचा इंटरफिअरन्स सोसत असतात, एक बाहेर पडला की बरेचदा चार पडतात. खरी पट्टी याहून रुंदच असते.

वर, ट्रॅफिक मॅप चुकलेला असेल तर हजार स्नॅपशॉटही तीच चूक अधिक दशांश स्थळांसकट सांगतील. ट्रॅफिक मॅप बहुतेक वेळा चालू नेटवर्कच्या काउंटरवरून (उपकरणांनी नोंदवलेल्या आकड्यांवरून) बनतो. सेलने वाहिलेले ट्रॅफिक त्याच्या सेवाक्षेत्रावर, क्लटरप्रमाणे (इमारती, झाडी की मोकळी जागा त्यानुसार) वजने देऊन, पसरायचे. काउंटर मात्र वाहिलेलेच ट्रॅफिक मोजतो. जो सेल आज बिझी अवरमध्ये (सर्वाधिक वापराच्या तासात) गच्च आहे, त्याची दबलेली मागणी काउंटरमध्ये दिसत नाही आणि म्हणून सिम्युलेशनमध्येही येत नाही. सगळ्यात आजारी सेलचीच मागणी खऱ्यापेक्षा सर्वांत कमी धरली जाते, आणि त्याच्याचबद्दल आपण सिम्युलेशनला कौल लावतो!

पुढचे वाक्य सरासरी लोडचे. ६० टक्के लोड म्हणजे ४० टक्के मोकळे, हे पाण्याच्या टाकीला शोभते. थ्रीजीच्या अपलिंकमध्ये (हँडसेटकडून टॉवरकडे) लोडबरोबर वाढणारा नॉइज राइज, म्हणजे गोंगाटाच्या पातळीतली वाढ, सरळ रेषेत वाढत नाही: ५० टक्क्यांना ३ डेसिबेल, ७५ ला ६, ९० ला १०. समजा निम्म्या स्नॅपशॉटमध्ये सेलचा लोड ३० टक्के होता आणि निम्म्यांत ९० टक्के. सरासरी ६० टक्के आणि त्याचा नॉइज राइज ४ डेसिबेल. प्रत्यक्षात अर्धा वेळ तो १.५ होता आणि अर्धा वेळ १०. चारचा क्षण एकदाही आला नाही. या सरासरी लोडवर कव्हरेजचा नकाशा काढला तर तो ज्या अवस्थेचे चित्र देतो ती एकाही स्नॅपशॉटमध्ये नव्हती. फोरजी-फाइव्हजीत यंत्रणा वेगळी आहे, पण तिथेही डाउनलिंक (टॉवरकडून हँडसेटकडे) लोड शेजाऱ्यांचा इंटरफिअरन्स वाढवतो आणि शेजाऱ्यांचा लोड आपला. सरासरीच्या शेजारी सर्वांत वाईट दहा टक्के स्नॅपशॉट काढून पाहावेत. आणि जे स्नॅपशॉट स्थिरावलेच नाहीत ते सरासरीत मिसळले गेलेत का, हेही तपासावे. आकडे स्थिर होत नाहीत ही कटकट वाटते, पण बरेचदा तो सेल काठावर असल्याचीच ती खूण असते.

लाल सेल आणि कॅरियर. हा सल्ला सर्वांत महागात पडतो.

सेल लाल होतो म्हणजे रिसोर्स संपले. कोणी संपवले, ते रंग सांगत नाही. एलटीईच्या (फोरजीच्या) मूळ सीक्यूआय तक्त्यात, म्हणजे हँडसेट कळवतो त्या सिग्नलच्या दर्जाच्या तक्त्यात, सर्वांत खालच्या पायरीची कार्यक्षमता ०.१५२३ बिट प्रति सिम्बॉल आहे आणि १५ व्या पायरीची ५.५५४७. म्हणजे तोच वेग द्यायला पहिल्या पायरीवरच्या वापरकर्त्याला १५ व्या पायरीवरच्यापेक्षा ३६ पट रिसोर्स लागतात. सेलच्या टोकाला, शेजाऱ्याच्या कव्हरेजमधल्या भोकात बसलेले दोघे-तिघे अख्खा सेल खाऊ शकतात. तिथे कॅरियर वाढवला तर आकडा उतरेल, पण भोक शेजारीच राहील. आधी रिजेक्शनचे कारण पाहावे. बहुतेक सॉफ्टवेअर ते वेगळे दाखवतात: कव्हरेज नाही, शेड्युलरकडे (रिसोर्स वाटणाऱ्या भागाकडे) रिसोर्स नाहीत, बॅकहॉल (टॉवरपासून मुख्य नेटवर्कपर्यंतचा दुवा) भरला, अपलिंकला पॉवर पुरत नाही. बॅकहॉल भरला असेल तर नवा कॅरियर त्याच अरुंद नळीवर आणखी एक तोटी बसवतो.

माझीच एक चूक सांगतो. एक सेल प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये लाल. कॅरियरचा प्रस्ताव तयार झाला, मंजुरीला जाणार होता. जाता जाता त्या सेलला जोडलेले वापरकर्ते नकाशावर ठिपक्यांनी पाहिले, तर निम्मे दोन साइट पलीकडे. उंच साइट, दूरवर मारा. टिल्ट (अँटेनाचा खाली झुकाव) वाढवायचा म्हणून डेटाबेस उघडला आणि कळले की टिल्टच्या रकान्यात शून्य आहे. टॉवरवर अँटेना ६ अंश झुकलेला होता, नोंद कोणी बदललीच नव्हती. तो सेल फक्त आमच्या संगणकात लाल होता. तेव्हापासून लाल सेल दिसला की मी आधी उंची, ॲझिमथ (अँटेनाची दिशा), टिल्ट हे तीन रकाने पाहतो.

राहिले सरासरी थ्रूपुट. दोन वापरकर्ते, एकाला २० एमबीपीएस, दुसऱ्याला २. रकान्यात ११ येते. दोघांनी १०० मेगाबिटची एकच फाइल उतरवली तर एकाला ५ सेकंद लागतात आणि दुसऱ्याला ५०, सरासरी २७.५ सेकंद. त्या हिशेबाने वेग ३.६ एमबीपीएस पडतो. अकराचा अनुभव दोघांपैकी कोणालाच आला नाही. शिवाय तो आकडा रेडिओ थरावरचा आहे की ॲप्लिकेशनच्या थरावरचा, हे रकान्याच्या मथळ्यात नीट वाचावे. सादरीकरणात या दोहोंतला मोठा आकडाच पोहोचतो, असा माझा अनुभव आहे.

मग सिम्युलेशन करायचेच कशाला? तुलनेसाठी. "या नेटवर्कमध्ये किती टक्के नाकारले जातील" याचे उत्तर ट्रॅफिक मॅप, सेवांच्या अटी, प्रोपगेशन मॉडेल (सिग्नल कसा पसरतो त्याचे गणित) या सगळ्यांतल्या चुका अंगावर घेऊन येते. "आराखडा अ बरा की ब" हे विचारले तर त्या चुका दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या पडतात आणि बऱ्याच अंशी कटतात. अट एकच: दोन्ही आराखड्यांना फासे तेच पडले पाहिजेत. अनेक सॉफ्टवेअरमध्ये यादृच्छिक क्रमाचा आरंभ-आकडा ठरवून देता येतो. तो तोच ठेवला तर तेच वापरकर्ते त्याच जागी उभे राहतात. वेगवेगळ्या फाशांवर अ ला २.१ टक्के आणि ब ला १.८ आले तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही. तेच फासे ठेवून २० पैकी १८ स्नॅपशॉटमध्ये ब वरचढ ठरला, तर फरक तेवढाच असूनही ते म्हणणे टिकते. अहवालात तो आरंभ-आकडा लिहिलेला मी फार क्वचित पाहिला आहे. रिजेक्शनचा आकडा मात्र पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, दोन दशांश स्थळांपर्यंत असतो.