जुनी पिकअप घेताना शहाणपण आड येऊ देऊ नका

जुनी पिकअप घ्यायची म्हटली की घरातले कोणीतरी विचारतेच, 'कशाला?' त्याला उत्तर देत बसू नका. गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या माणसाने 'कुळागर आहे', म्हणजे सुपारीची बाग आहे, एवढे म्हटले की पुरते. ते कुळागर मामाचे असेल, त्यात मोजक्या पोफळी उरल्या असतील आणि वर्षाची सुपारी स्कूटरच्या पुढ्यात मावत असेल, पण हा तपशील बाहेर सांगायचा नसतो. पिकअप सामानासाठी घेतात हा गैरसमज शेतकऱ्यांनी पसरवला आहे. ती तिठ्यावर उभी करायची असते, आणि तिच्या बॉनेटला टेकून चहा प्यायचा असतो.

टोयोटाच्या हायलक्सचे नाव काढू नका. 2022 मध्ये ती आपल्याकडे 33.99 लाखांपासून मिळू लागली आणि जुनी झाली तरी तिचा भाव उतरायला तयार नाही. तेव्हा तुमच्या पुढ्यात दोनच उरतात. एक इसुझूची व्ही-क्रॉस, 2016 ची, म्हणजे ती इथे आली त्याच वर्षातली. दुसरी महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे, तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. दोन्ही डबल केबिन, दोन्ही डिझेल, दोन्ही चार बाय चार, म्हणजे हवे तेव्हा चारही चाके ओढणाऱ्या.

आता आठ रात्री मोबाईलवर आकडे वाचण्यात घालवा. व्ही-क्रॉसचे इंजिन 2499 सीसीचे, 134 अश्वशक्तीचे. गेटअवेचे 2179 सीसीचे, 120 अश्वशक्तीचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जागा शोधत तिसरी फेरी मारताना हे चौदा घोडे किती उपयोगी पडतात ते कळेलच. लांबी 5295 मिलिमीटर आणि 5118 मिलिमीटर. फरक वीतभराचासुद्धा नाही, पण त्यावर मेहुण्याशी तासभर वाद घालता येतो. फक्त एक मोजमाप घेऊ नका, ते म्हणजे आपल्या फाटकाचे. सव्वापाच मीटरची गाडी अंगणात वळत नसेल तर गडगा पाडता येतो. नाहीतरी तो आजोबांच्या काळचाच आहे.

मग गाड्या पाहायला जा. गेटअवे डिचोलीच्या बाजूची, खाणीवर होती. सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 ला 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, मार्चच्या मध्याला खाणी थांबल्या, आणि तेव्हापासून इकडची प्रत्येक विकाऊ गाडी 'खाण बंद झाल्यापासून घरीच उभी' असते. मालक सांगेल, "पात्रांव, साहेबांना फिरवायला होती, माल कधी चढवलाच नाही." विश्वास ठेवा. मागच्या स्प्रिंगचे पाटे सपाट झालेले दिसले तर साहेब वजनदार असतील. पाट्यांच्या जुडग्यात कंपनीने दिलेले नाही असे एक जादा पान दिसले तर मालकाने ते हौसेने घातले असेल. पायाखालचे मॅट मात्र उचलू नका. खाली लाल धूळ निघते, ती दरवाज्यांच्या रबरात, एसीच्या जाळीत आणि वायरिंगच्या सांध्यांत असते, आणि ती कुठल्याही सर्व्हिसिंगने जात नाही.

व्ही-क्रॉस बार्देशच्या किनाऱ्यावरची. ती आणखी निरागस. पाण्यावरच्या खेळांच्या धंद्यात होती, म्हणजे मोसमभर रोज सकाळी मागची चाके समुद्रात घालून बोटी सोडायच्या आणि संध्याकाळी ओढून काढायच्या. मालकाच्या शब्दांत, "फक्त बीचवर फिरली." हेही खरेच आहे. खालून पाहाल तर चासी काळ्याकुळकुळीत नव्या लेपाने चमकत असेल. खुळे लोक अशा वेळी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत जातात आणि आवाज बोदा येतो तिथे थांबतात. मागच्या हौद्याखाली स्टेपनी टांगलेली असते, तिची साखळी सोडवून पाहतात. खारे पाणी पहिल्यांदा तिलाच खाते. ब्रेकच्या नळ्यांवरून बोट फिरवतात. तुम्ही असले काही करू नका. इतक्या जुन्या गाडीला कोणी विकायच्या आठवड्यात लेप का लावतो, असला संशय सज्जन माणसाच्या मनात येत नाही.

(एक गंमत. एकीचा लाल रंग धुळीचा, दुसरीचा गंजाचा. पावसाळ्यात दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून सौदा जुलैत करावा.)

गाडी सुरू करून पाहायला तुम्ही पोहोचाल तेव्हा इंजिन गरम असेल. याला पाहुणचार म्हणतात. थंड इंजिनाने पहिल्या किल्लीला किती घरघर केली, धूर निळा आला की पांढरा, हे तुम्हाला दिसू नये म्हणून बिचाऱ्याने सकाळी अर्धा तास डिझेल जाळलेले असते. ऑइलचे झाकण उघडून आत दुधट साय जमली आहे का ते पाहणे म्हणजे यजमानाच्या स्वयंपाकघरात डोकावणे. मीटरवर पंचावन्न हजार लिहिले आहे ना? मग क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत का झाले, हे विचारायचे नाही. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. 2316 वाचलेत तर समजा, गाडी कंपनीतून ज्या टायरवर उतरली त्याच टायरवर आहे. एवढी निष्ठा आजकाल माणसांत नाही.

चार बाय चारचे बटण फिरवून पाहायचा मोह होईल. वर्षानुवर्षे कोणी ते फिरवलेले नसते, आणि फिरवले तर कदाचित फिरेल, पण पुढची चाके काही ओढणार नाहीत. त्यापेक्षा गाडी नावावर झाल्यावर पणजीत भर उन्हात, कोरड्या डांबरावर 4एच, म्हणजे चारही चाके ओढायला लावणारा गिअर, लावून वळणे घ्या. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापायचे असते आणि मध्ये सैल सुटायला जागाच नसते, म्हणून ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतून, जो कण्हल्याचा आवाज येतो तोच दणकट गाडीचा आवाज, असे मागे बसलेल्या मुलांना सांगा.

कागदपत्रांत फार शिरू नका. पाटी पांढरी की पिवळी हा रंगाचा प्रश्न नाही हे खरे. पिवळी म्हणजे मालवाहू, आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग. आरसीवर बँकेचे नाव अजून असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचा दाखला लागतो, नाव बदलायला 29 आणि 30. मालक म्हणेल, "ते करू मागाहून." करतीलच. खाण बंद पडल्यावर थकलेले हप्ते तुम्ही गाडी घेतल्याच्या आनंदात बँक विसरून जाते, अशी तुमची समजूत असेल तर ती मोडण्याचे पाप मी कशाला करू?

निवड शेवटी समोरच्या लोखंडी बंपरवरून करा. केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये असल्या गार्डवर बंदी घातली, म्हणजे वस्तू दुर्मिळ झाली.

आता इतका वेळ तुम्ही माझे ऐकले म्हणून खरा सल्ला देतो. दोन्हींतली जास्त खराब असेल ती घ्या. चांगली, धडधाकट पिकअप गावात तुमची नसते. चवथीला माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचे, सामान आणि वाड्यावरचे सगळे गणपती तीच आणते. दिवाळीच्या आदल्या रात्री पोरे तिच्या हौद्यात नरकासुराचा पुतळा उभा करतात आणि पहाटेपर्यंत स्पीकर लावून फिरवतात, त्याची बॅटरीही तुमचीच. शिगम्याला तिच्यावर चित्ररथ चढतो. कोणाचे घर निघाले की चिरे, कोणाचे लग्न निघाले की खुर्च्या. 'नाही' म्हणायची सोय नसते, कारण मागणारा काका, आते किंवा देवस्थानचा महाजन असतो. डिझेलचे पैसे द्यायचे असतात हे यांच्यापैकी कोणालाही आठवत नाही, आणि तुम्ही आठवण करून दिलीत तर ते जन्मभर विसरत नाहीत.

म्हणून बीचवाली व्ही-क्रॉस घ्या. चासी गंजलेली आहे हे वाड्यावर मोकळेपणाने सांगा, हौद्यावर कोणी नरकासुर चढवणार नाही. तरीही धोका नको, मेकॅनिकला बोलून ठेवा. चवथीच्या आठ दिवस आधी क्लच प्लेट काढायची आणि विसर्जन झाले की बसवायची. तुमचा स्वतःचा गणपती आणायला पंचाची व्हॅन मागा. तो देईल, पंचायतीची निवडणूक जवळ आली आहे.