बॉयलर म्हणजे बंब नव्हे

परवा सकाळी सातला काकूंचा फोन. आम्ही दोघंही इंग्लंडमधल्या लेस्टरमध्येच, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. ‘अरे, भिंतीतून पाणी गळतंय बघ.’ बाहेर कडाक्याची थंडी, घरात हीटिंग बंद. इथे गॅसचा बॉयलर पाणी तापवून भिंतीवरच्या रेडिएटरमधून फिरवतो, त्यानेच घर गरम होतं. कारण काय, तर ‘बॉयलरचं प्रेशर गेलं? इंजिनिअरला बोलावू नका!’ हा ग्रुपवर फिरणारा मेसेज. मलाही तो तीनदा आलाय, त्यात दोनदा ‘अत्यंत उपयुक्त’ असं वर लिहून.

मेसेजात पहिलंच: ‘प्रेशरचा काटा 3 वर न्या, घर दुप्पट गरम होईल.’ कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे? बंबात दोन ढलप्या जास्त सारल्या की पाणी कढतं, तसा हा हिशेब नाही. घर किती तापवायचं ते थर्मोस्टॅट ठरवतो. पाणी सगळ्या रेडिएटरमधून नीट फिरावं, एवढ्यापुरतंच ते प्रेशर. काकूंच्या बॉयलरची पुस्तिका ड्रॉवरमध्ये टेकअवेच्या मेनूकार्डांखाली सापडली. तिच्यात चित्रासकट छापलंय: यंत्रणा गार असताना 1 ते 1.5 बार (बार म्हणजे प्रेशरचं माप). तापलं की पाणी फुगतं आणि काटा आपसूक वर सरकतो. गार असतानाच 3 केलंत, तर फुगलेलं पाणी जाणार कुठे? 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि भिंतीतल्या तांब्याच्या नळीतून पाणी बाहेर टाकतो. काकूंची गळकी भिंत ती हीच. कुकरची शिट्टी रोज होते, पण त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की आपण स्वयंपाकघरातून पळतो. हा व्हॉल्व्ह त्या दुसऱ्या जातीचा.

‘फिलिंग लूपचा नळ किंचित उघडा ठेवा, प्रेशर कधीच पडणार नाही.’ काकूंनी तेही केलं होतं. बॉयलरखालची ती विणलेल्या तारेची नळी नळाचं पाणी हीटिंगमध्ये सोडते. भरून झालं की दोन्ही खटके बंद करायचे, आणि इथल्या 1999 च्या नियमांप्रमाणे अशी नळी सोडवून ठेवायची. रेडिएटरमधलं रसायन घातलेलं पाणी उलटं फिरून प्यायच्या पाण्यात यायला नको, म्हणून. शिवाय रोज नवं पाणी म्हणजे रोज नवा ऑक्सिजन: गंजरोधक पातळ होतं आणि रेडिएटर आतून गंजतात. प्रेशर उतरवायला मी किल्लीने एका रेडिएटरचा स्क्रू जरा सैल केला, तर जुन्या टॉवेलवर काजळ कालवल्यासारखं काळं पाणी आलं. काकू म्हणाल्या, ‘हे आमच्या घरातलं?’

‘प्रेशर पडलं म्हणजे गॅस गळतोय.’ काहीतरीच. काटा पाण्याचा आहे. गॅसचा वास आला तर इथल्या गॅस गळतीच्या तातडीच्या नंबरवर, 0800 111 999 ला, फोन लावा, काट्याकडे बघत बसू नका.

‘रेडिएटरची हवा काढली की प्रेशर वाढतं.’ उलट, पडतं.

आता ‘इंजिनिअर नुसता नळ फिरवायचे पैसे घेतात’ हे मात्र, कबूल करायला जिवावर येतं, अर्धं खरं आहे. बॉयलर गार होऊ द्यायचा, नळी जोडायची, खटके हळूच उघडायचे, सूं आवाज येतो, काटा 1.3 च्या आसपास आला की खटके बंद आणि नळी पुन्हा सोडवायची. यात गॅसला हात लागत नाही आणि पुस्तिकाही हे घरच्या माणसालाच करायला सांगते. पण दर आठवड्याला भरावं लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा आतल्या एक्स्पान्शन व्हेसलमधली, म्हणजे फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली, हवा गेलीय. मग गॅस सेफ (इथली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेलाच माणूस बोलवा, बॉयलरचं झाकण स्वतः उघडू नका.

काकूंकडे तो शेवटी आलाच. एकदा उघडलेला सेफ्टी व्हॉल्व्ह पुन्हा नीट बसेना, त्यामुळे बदलावा लागला. काटा आता 1.3 वर आहे. नळी काढून पिशवीत ठेवलीय, पिशवीवर माझ्या अक्षरात ‘हात लावू नये’. त्या मेसेजला काकूंनी दिलेला अंगठा मात्र ग्रुपवर अजून तसाच आहे.