आतड्याचा आणि लिव्हरचा काय संबंध? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, आतड्याची गळती हे फॅटी लिव्हरचं मूळ कारण, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं, त्यावर तुम्ही लिहिलंय की लिव्हरवर चरबी चढते ती तेलाने आणि बसून राहण्याने, आतडं मध्येच कुठून आणलं, हे 'लीकी गट' (झिरपणारं आतडं) म्हणजे पावडरी विकणाऱ्यांचं खूळ, आणि आमच्या शेवभाजीला कशाला नावं ठेवता. पावडरींचं तुमचं अगदी बरोबर, त्यावर एक रुपया घालवू नका.

पण आतडं लिव्हरला जोडलेलंच आहे हो. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं जवळपास ७० ते ७५ टक्के पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून येतं, म्हणजे बरंचसं आतड्याकडूनच. आणि आतड्याचं अस्तर किती, तर पेशींचा एकच थर, वरून चिकट म्युकस, दोन पेशींमधली फट प्रथिनांनी घट्ट बांधलेली. हे बंध सैल पडले की बॅक्टेरियाच्या आवरणाचे तुकडे, ज्याला एंडोटॉक्सिन म्हणतात, रक्तात शिरतात आणि पहिले लिव्हरलाच जाऊन धडकतात, तिथे सूज सुरू होते. उंदरांना फ्रुक्टोज या साखरेचं पाणी पाजून हे दिसलंय, आणि अँटिबायोटिकने आतड्यातले बॅक्टेरिया कमी केल्यावर त्यांच्या लिव्हरमधली चरबी कमी भरली.

माणसांचं म्हणाल तर २००९ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी ३५ फॅटी लिव्हरवाले आणि २४ निरोगी लोक तपासले. पेशंटची आतडी जास्त झिरपत होती, चरबी जास्त तशी गळती जास्त, पण लिव्हरच्या सुजेशी मात्र तसा मेळ बसला नाही. आधी चरबी की आधी गळती हेही त्यातून ठरत नाही. म्हणून मागच्या लेखात मी 'मूळ कारण' लिहिलं ती माझी चूक, तिथे आता 'एक कारण' केलंय.

शेवभाजीपेक्षा मला लग्नसराईतल्या थंड्याच्या बाटल्यांची धास्ती जास्त वाटते, साखरेतलं निम्मं फ्रुक्टोजच असतं. केळ्याला घाबरू नका, जळगावात राहून केळं सोडायचं म्हणजे काय! अख्ख्या फळात फायबर असतं. आपली कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची, तिच्यातल्या फायबरपासून आतड्यातले बॅक्टेरिया ब्युटिरेट बनवतात, तेच मोठ्या आतड्याच्या अस्तराचं खाद्य.

बाकी वजन उतरवण्याला पर्याय नाही, ८० किलोच्या माणसाने ६ ते ८ किलो उतरवले तर लिव्हरमध्ये फरक पडतो. तुमच्या सोनोग्राफीत चरबीचा ग्रेड टू आलाय म्हणता, पण त्यावरून लिव्हर किती कडक झालंय ते कळत नाही. एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासण्या), प्लेटलेट आणि वय यावरून त्याचा अंदाज देणारा फिब-फोर हा आकडा काढतात, तो डॉक्टरांना विचारा. आणि शुगर तपासली का, तेवढं कळवा.