ओटा कुणाच्या कोपराचा?

काल बंड्याने कट्ट्यावर येता येताच मोबाइल पुढे केला. नव्या घरातल्या किचनचं थ्रीडी आलं होतं त्याच्याकडे. पांढरीशुभ्र गुळगुळीत शटरं, एकालाही हँडल नाही, मधोमध आयलंड म्हणजे चारी बाजूंनी मोकळा ओटा, हॉलच्या बाजूची भिंत गायब, आणि वरच्या कपाटांच्या जागी दोन उघड्या फळ्या, त्यावर एक कुंडी आणि चार वाडगे. सगळ्यांनी वा वा केलं. ताईने मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्या फळ्या पुसणार कोण?"

तिथून जी वादावादी सुरू झाली ती रस्त्यावरचे दिवे लागून तास उलटला तरी चालूच होती. मी मुद्दाम सगळं लिहून काढतोय कारण ओटा एकदा बसला की पुढची पंधरा-वीस वर्षं त्याच्याच पुढे उभं राहायचं असतं, आणि ह्या बाबतीत आमच्या घरी एक चूक झालीय जी मला अजून छळते, त्याबद्दल पुढे सांगतो.

तर फळ्या. बंड्याचं म्हणणं, वरची कपाटं डोक्यावर आल्यासारखी वाटतात, फळ्या असल्या की जागा मोकळी दिसते, वस्तू पटकन हाताला लागते. ताईचं म्हणणं, वस्तू हाताला लागते पण चिकट होऊन. तिने ते इतकं नीट सांगितलं की तसंच लिहितो: तेलाची वाफ वर जाते, गार झाली की मिळेल तिथे बसते, तिच्यावर धूळ बसते आणि गॅसच्या उष्णतेने ते सगळं वाळून पिवळट थर होतो, मग तो फडक्याने निघत नाही, नखाने खरवडावा लागतो. कपाटाच्या वरच्या बाजूला हात फिरवून बघ म्हणाली, तिथे जे लागतं तेच उद्या तुझ्या वाडग्यांना. बंड्या म्हणाला, "पण रोज वापरायची भांडी ठेवली तर ती रोज धुतली जातीलच ना?" आणि इथे ताईने लगेच मान्य केलं, हो, रोजची आठ-दहा भांडी ठेव, गॅसपासून लांब ठेव, माझी ना नाही, पण ह्या चित्रात कुंडी आहे आणि कुंडी रोज धुवत नाहीत.

हँडल नसलेल्या शटरवर फार वेळ गेला नाही. अण्णा चाळीस वर्षं फर्निचरचं काम करत आलेत, त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला: बोटं घालायला खाच ठेवली तर खाचेत कचरा साठतो, दाबून उघडणारं बसवलं तर गुडघा लागला तरी उघडतं आणि प्रत्येक वेळी ओला हात शटरवर उमटतो. त्यातून काळं मॅट घेतलं तर विचारूच नका, पाण्याचा एकेक डाग मोजता येतो. उलट खाली शटरांऐवजी ड्रॉवर घे म्हणाले, पूर्ण बाहेर येणारे, म्हणजे मागची वस्तू काढायला जमिनीवर बसून डोकं आत घालावं लागत नाही. गेल्या काही वर्षांत आलेल्या सगळ्या फॅशनमधली ही एकच त्यांना मनापासून पटलेली. मलाही.

भिंतीवरून मात्र जुंपली. बंड्याला हॉल आणि किचन एक हवंय. त्याचं कारणही चांगलं आहे, त्याची बायको आणि तो दोघंही स्वयंपाक करतात, आणि एक जण आत कोंडून घेऊन काम करतोय आणि बाकीचे बाहेर गप्पा मारतायत हे त्याला लहानपणापासून आवडत नाही. डॉक्टर म्हणाले भिंत पाडलीस की धूर, वास आणि चिमणीचा आवाज तिन्ही सोफ्यावर येऊन बसतील. बंड्या म्हणाला मी गॅस घेतच नाहीये, इंडक्शन घेतोय, मग धूर कुठून? यावर डॉक्टर जरा तावातच आले. ते छातीचे डॉक्टर, हा त्यांचा रोजचा विषय. म्हणाले, "गॅस जळताना नायट्रोजन डायऑक्साइड हा छातीला त्रास देणारा वायू होतो तो इंडक्शनमध्ये होत नाही हे बरोबर, उष्णताही वाया जात नाही, गॅसची बरीचशी इकडेतिकडे जाते आणि इंडक्शनची बहुतेक सगळी भांड्यात जाते. पण तेल तापल्यावर जो धूर होतो तो तेलाचा असतो रे, खाली काय पेटवलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. चिमणी लागणारच." आणि चिमणी म्हणजे बाहेर पाइप गेलेली. पाइप न काढता कोळशाच्या फिल्टरमधून हवा फिरवून परत खोलीत सोडणारी जी असते ती थोडं तेल पकडते, थोडा वास मारते, वाफ मात्र जशीच्या तशी घरात राहते. बंड्याच्या चित्रात आयलंडवर शेगडी होती आणि वर छतापर्यंत पाइपच नव्हता! अण्णांनी ते बरोबर हेरलं. बंड्या गप्प झाला, मग म्हणाला शेगडी भिंतीला घेतो.

मला वाटलं होतं ताई भिंत पाडायच्या बाजूने बोलेल कारण आयुष्यभर तीच आत एकटी असते. पण ती म्हणाली, "मला दार हवं." मग थांबून म्हणाली की दिवसभरात तेवढीच एक जागा अशी आहे जिथे पसारा माझा असतो आणि मी दार लावून तो कुणाला न दाखवता आवरू शकते, उघडं किचन म्हणजे पाहुणे असताना सिंकमधली भांडी पण पाहुण्यांसमोर. हे ऐकल्यावर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मी स्वतः उघड्या किचनच्या बाजूचा होतो, अजूनही थोडासा आहे, पण तिचा मुद्दा मनातून जात नाहीये.

इथे मी माझं वाचन काढलं. घरचं किचन बिघडल्यावर मी ह्यावर बरंच वाचलंय. आज आपण ज्याला मॉड्युलर म्हणतो त्याची आजी म्हणजे फ्रँकफर्ट किचन, १९२६ सालचं. मार्गारेटे श्युट-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी ते केलं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची टंचाई होती, फ्रँकफर्ट शहराने मोठी गृहयोजना काढली आणि त्यात साधारण १०,००० घरांत हे किचन बसवलं. खोली जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर. रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये एवढ्याशा जागेत एवढ्या लोकांचं जेवण कसं होतं ते बघून त्यांनी मांडणी ठरवली, कामाला लागणारी मिनिटं आणि पावलं मोजण्याचे त्या काळचे प्रयोगही अभ्यासले. खिडकीपाशी काम करायची जागा, खाली फिरतं स्टूल म्हणजे बसून काम करता यावं, सामानासाठी अ‍ॅल्युमिनियमचे खण आणि प्रत्येक खणावर आत काय आहे त्याचं नाव. रंग निळसर, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा तेव्हा समज होता. शंभर वर्षांपूर्वी हे!

बंड्याने विचारलं, "मग त्या बाई सुगरण असतील?" नाही, आणि मला सगळ्यात जास्त आश्चर्य त्याचंच वाटलं होतं. त्यांनी स्वतःच नंतर सांगून ठेवलंय की हे डिझाइन करेपर्यंत त्यांनी कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता. बंड्याला एकदम जोर आला, "बघा, म्हणजे डिझायनरला स्वयंपाक यायलाच पाहिजे असं काही नाही!" अण्णा म्हणाले, "यायला नको, पण मोजायला पाहिजे. त्या बाईंनी मोजलं. तुझ्या माणसाने तुझ्या घरातल्या कुणाचं काय मोजलं?" बंड्याला आठवेना. खोली मोजली म्हणाला. लेझरने.

पण ताईने फ्रँकफर्टलाही सोडलं नाही. ६ फूट रुंद खोलीत दुसरं माणूस मदतीला उभं कुठे राहणार? तिचं बरोबर आहे, त्या किचनवर पुढे हीच टीका झाली, की एका बाईची पावलं वाचवली खरी पण तिला एकटीलाच आत ठेवलं, जेवायच्या खोलीकडे सरकतं दार होतं तरी. आणि बंड्याला जी उघडी पद्धत हवीय तीही काही आजची नाही. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइटने १९३० च्या दशकात जी आटोपशीर घरं बांधली, त्यांत स्वयंपाकाची जागा जेवायच्या-बसायच्या जागेला लागूनच घेतली होती. म्हणजे हे भांडण फार जुनं आहे, आणि दोन्ही बाजूंना खरी माणसं आहेत, कुणाला सोबत हवी असते, कुणाला दार.

ओट्याच्या दगडावर डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं, तुम्हालाही माहीत असावं म्हणून लिहितो. बंड्याला पांढरा क्वार्ट्झ हवाय. क्वार्ट्झचा ओटा म्हणजे खाणीतून काढलेली अखंड फरशी नाही, दगडाचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या चिकट पदार्थात, घट्ट दाबून केलेली असते. डाग पडत नाहीत, संगमरवरासारखं आंबट सांडलं की खात नाही, सगळं छान, पण रेझिन असल्यामुळे गॅसवरून काढलेलं कडकडीत भांडं थेट ठेवलं तर डाग कायमचा. अण्णांनी असे पिवळे गोल बघितलेत. डॉक्टरांचा मुद्दा त्याच्या पलीकडचा. ह्या फरशीत सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते खनिज, ९० टक्क्यांपर्यंत असू शकते, ग्रॅनाइटमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी, आणि ती कोरडी कापताना जी बारीक धूळ उडते ती कारागिराच्या फुप्फुसात जाऊन बसते. त्या आजाराचं नाव सिलिकोसिस. तो बरा होत नाही. घरात ओटा वापरणाऱ्याला त्रास नाही, कापणाऱ्याला आहे, आणि तो बऱ्याचदा तिशीतला पोरगा असतो. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड बनवायला, विकायला आणि बसवायला बंदीच घातली. डॉक्टर बंड्याला घेऊ नको असं म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले की कापणारा पाणी सोडून कापतोय का, तोंडाला नीट मास्क आहे का, धूळ ओढायची सोय आहे का हे एकदा स्वतः जाऊन बघ. अण्णा तेवढा वेळ मान खाली घालून बसले होते. म्हणाले, आमच्या वेळी रुमाल बांधायचो.

आता आमच्या घरची चूक. चार वर्षांपूर्वी आम्ही किचन नवीन केलं, ज्यांना काम दिलं त्यांनी ओटा ३६ इंच घेतला कारण तो स्टँडर्ड आहे. मीच हो म्हणालो. आईची उंची ४ फूट ११ इंच. तिचं कोपर जमिनीपासून साधारण ३७ इंचांवर येतं, म्हणजे ओटा जवळजवळ कोपराला टेकलेला, त्यावर शेगडी चार इंच, त्यावर भांडं. ती ढवळताना उजवा खांदा कानाकडे उचलते. मी ते रोज बघत होतो आणि मला वाटायचं तिची सवय आहे. वर्षभराने खांदा इतका दुखायला लागला की हात मागे जाईना, तेव्हा फिजिओथेरपीवाल्या बाईंनी विचारलं, ओटा किती उंच आहे हो तुमचा? नियम तसा सोपा आहे, कापायचं-चिरायचं काम कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावं, शेगडी त्याहून खाली, आणि सिंक उलट थोडं वर कारण हात आत तळाशी जातात. म्हणजे आईला ३२ इंच पुरले असते. इतक्या साध्या गोष्टीसाठी एक टेप लागला असता. आता ती एका लाकडी पाटावर उभी राहून स्वयंपाक करते आणि दर वेळी फ्रिजकडे जाताना पाटावरून उतरते, ते बघितलं की मला फार वाईट वाटतं.

हे सांगून झाल्यावर अण्णा उठले. खिशात टेप आणि ती चपटी पेन्सिल अजूनही असतेच. ताईला खांबाजवळ उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि कोपराच्या खाली खांबावर रेघ मारली. ३८ इंच. मग बंड्या, ४५. मग दोन्ही रेघांच्या पाच-पाच इंच खाली आणखी दोन रेघा. ३३ आणि ४०. आम्ही सगळे त्या दोन रेघांकडे बघत राहिलो, मधे वीतभर अंतर होतं, आणि ३६ नेमका मधे कुठेतरी, दोघांनाही नको असलेल्या जागी.

"बायको किती उंच आहे रे तुझी?" ताईने विचारलं.

बंड्या म्हणाला माझ्या खांद्याला लागते. मग स्वतःच म्हणाला, म्हणजे भिंतीकडचा ओटा तिच्या मापाने आणि आयलंड माझ्या मापाने केला तर? अण्णा म्हणाले होतंय की, काही अवघड नाही, फक्त आयलंड आणि ओट्याच्या मधे साडेतीन फूट सोड, दोघं एकदम काम करणार असाल तर चार, नाहीतर ड्रॉवर उघडला की दुसऱ्याच्या पायावर. बंड्याने खांबावरच्या रेघांचा फोटो काढला. फळ्या दोनाऐवजी एक झाली. भिंतीचं काही ठरलं नाही, ताई अजून सरकत्या दारावर अडून आहे आणि बंड्या अजून पाडायच्याच विचारात. पण जाताना त्याने अण्णांकडून टेप मागून घेतला, उद्या परत आणतो म्हणाला, आणि पेन्सिलही.