खुंटलेली उंची गोळ्यांच्या माथी मारू नका

व्हॉट्सॲपवर फिरणारं एक म्हणणं आता आज्या-मावश्यांच्या तोंडी रुळलंय: एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवरणाऱ्या औषधांच्या, गोळ्या ‘उष्ण’ पडतात, त्यांनी एचआयव्ही असलेल्या मुलांची वाढ खुंटते, म्हणून आधी मूल अंग धरू द्या, मग औषध सुरू करा, आणि वजन वाढलं की बंद करा. अशा कितीतरी मुलांना सांभाळणारी माणसं आजी, मामा, काकू अशीच असतात. त्यांची काळजी खरी आहे, सल्ला मात्र पुरता उलटा.

वाढ खुंटवतो तो विषाणू. तो मोकाट असला की शरीराची ताकद त्याच्याशी झुंजण्यातच जाते. आतड्याचं अस्तर बिघडतं, जुलाब लागतात, तोंड येतं, टीबी गाठतो. खाल्लेलं अंगी लागत नाही. गोळ्या सुरू झाल्या की आधी वजन चढतं आणि उंची मागून, सावकाश. गाल भरलेले चार-सहा महिन्यांत दिसतात, पण दाराच्या चौकटीवरची पेन्सिलीची खूण तिथेच असते. गोळ्यांवरचा संशय नेमका इथे सुरू होतो.

त्यातून दहाव्या वर्षी औषध सुरू झालेलं मूल बहुधा वर्गात पहिल्या बाकावरच राहतं. शेजाऱ्यांना दिसतं ते इतकंच, की गोळ्या चालू आणि पोर बुटकं. आधीची औषधाविना गेलेली दहा वर्षं कुणाच्या हिशेबात नसतात. लहानपणीच औषध मिळालेली मुलं उंचीची तूट कितीतरी जास्त भरून काढतात. आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. ती काय सगळी एआरटीवर होती?

या अफवेला एक जुनं मूळ आहे, ते लपवायचं कारण नाही. स्टॅव्ह्युडिन नावाच्या औषधाने काही रुग्णांचे गाल बसायचे, हातपाय काटकुळे व्हायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. आजच्या औषधांनाही दुष्परिणाम आहेत: झिडोव्ह्युडिनने रक्त कमी होऊ शकतं, टेनोफोव्हिरमुळे हाडांची घनता थोडी घटू शकते. असं झालं तर डॉक्टर औषध बदलतात. घरच्या घरी सोडायचं नसतं.

‘आधी अंग धरू द्या’ हा सल्ला तर जिवावर बेतणारा. दक्षिण आफ्रिकेत ६ ते १२ आठवड्यांच्या, वरकरणी ठणठणीत असलेल्या बाधित बाळांवर एक चाचणी झाली. काहींना लगेच औषध दिलं. बाकीच्यांना आजार दिसेपर्यंत किंवा सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या पेशी) घसरेपर्यंत थांबवलं. २००८ साली निकाल आले: लगेच औषध मिळालेल्यांत ४ टक्के बाळं दगावली, थांबवलेल्यांत १६ टक्के. टीबी किंवा तीव्र कुपोषण असेल तर डॉक्टरच काही दिवस-आठवडे थांबतात, पण ते रोज डोळ्यांत तेल घालून. खुराक हवाच, वाद नाही. लक्षणं नसलेल्या बाधित मुलालाही साधारण १० टक्के जास्त ऊर्जा लागते, आणि वजन घटत असेल तर ५० ते १०० टक्के जास्त. पण नुसत्या नाचणीच्या सत्त्वाने विषाणू हटत नाही.

राहिलं ‘वजन वाढलं की बंद’. औषध सुटलं की विषाणू काही आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढतो, आणि मध्ये-मध्ये चुकलं तर औषधालाच सरावतो. वजन वाढलं की उलट डोस वाढवायचा असतो! डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाची पाण्यात विरघळणारी १० मिलिग्रॅमची गोळी १० ते १३.९ किलोच्या मुलाला दोन लागतात. काटा १४ वर गेला की अडीच, आणि २० किलोला थेट ५० मिलिग्रॅमची मोठी गोळी. (लोपिनाव्हिर या दुसऱ्या औषधाचं ते कडूजहर सिरप थुंकणारी पोरं ज्यांनी सांभाळलीत, त्यांना विरघळणाऱ्या गोळीचं मोल वेगळं सांगायला नको.)

पंधराव्या वर्षीही मिसरूड फुटली नाही म्हणून मुलाला मोडीत काढू नका. या मुलांत वयात येणं लांबतं, त्यामुळे उंची वाढायला अजून वाव असू शकतो.

शाळा बुडते म्हणून पुष्कळ घरचे मुलाला दवाखान्यात न आणता नुसत्या गोळ्या घेऊन जातात. मग डोस मागच्याच वजनाचा राहतो. ठरलेल्या तारखांना मुलाला सोबत आणा, काट्यावर उभं करा, उंची मोजून घ्या आणि दोन्ही आकडे कार्डावर लिहून घेतल्याशिवाय उठू नका.