विल्डपोल्ड्सरीड एकट्या महापौराने घडवलेलं नाही

‘जर्मनीतल्या एका खेड्याच्या महापौराने चोवीस वर्षं खुर्ची सोडली नाही. त्याने एकहाती गाव बदललं, सरकारकडून पैसा आणला. आज ते गाव गरजेपेक्षा 500 टक्के जास्त ऊर्जा तयार करतं आणि तिथे कुणालाच वीजबिल येत नाही.’ अशा अर्थाचा मजकूर हल्ली बराच फिरतोय. गाव खरं आहे: जर्मनीच्या दक्षिणेकडच्या बव्हेरिया राज्यातल्या केम्प्टन शहराजवळचं, अडीच हजारांच्या आसपास वस्तीचं विल्डपोल्ड्सरीड. महापौरही खरे आहेत: सीएसयू या बव्हेरियातल्या पुराणमतवादी पक्षाचे आर्नो त्सेंगर्ले, कारकीर्द 1996 ते 2020. पुढचं बहुतेक सगळं मात्र तपासून घ्यायला हवं. या माणसाने आणि त्याच्या गावाने खरोखर जे केलं, ते या मजकुरात कुठेच येत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

‘एकहाती’ हा शब्द सगळ्यात आधी खोडायला हवा. बव्हेरियात एवढ्या वस्तीच्या गावाला 14 सदस्यांची परिषद असते. महापौर तिचा अध्यक्ष असतो, पण मतदानात त्याचं मत एकच. त्सेंगर्ले निवडून आल्यानंतर परिषदेने गावकऱ्यांकडे प्रश्नावली पाठवली: तुम्हाला गाव कसं हवंय? आलेल्या उत्तरांतून 1999 मध्ये एक आराखडा मंजूर झाला. त्यात तीन गोष्टी होत्या. वीज अपारंपरिक स्रोतांतून घ्यायची आणि बचत करायची, इमारतींना शक्य तिथे लाकूड वापरायचं, आणि पाण्याचं रक्षण करायचं. मुदत ठेवली 2020 ची. म्हणजे सहा वर्षांच्या मुदतीवर निवडून आलेल्या लोकांनी वीस वर्षांपुढचं काम अंगावर घेतलं होतं.

पवनचक्क्यांची कल्पना तर महापौरांची नव्हतीच. ती रेटली वेंडेलिन आइनसीडलर या शेतकऱ्याने. 2000 मध्ये पहिल्या दोन पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या गावकऱ्यांच्या भागभांडवलातून. ज्यांच्या घरातून ती पाती फिरताना दिसणार, त्यांनाच नफ्यातला वाटा मिळणार, अशी ती रचना होती. पवनचक्की म्हटलं की गावोगाव विरोध होतो. तो इथे का मावळला, याचं मोठं कारण मला या वाट्यात दिसतं. महापौरांनी काय केलं? आराखडा मार्गी लावला, गावाच्या मालकीच्या इमारतींच्या छपरांवर सौरपॅनेल बसवली, लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर आणि बायोगॅसच्या उष्णतेवर चालणारी, इमारती गरम ठेवणारी सामाईक व्यवस्था उभी केली, आणि लोकांना सतत सोबत ठेवलं. हे काम संथ असतं आणि त्याचा फोटो निघत नाही. पण कारभार म्हणतात तो हाच.

‘खुर्ची सोडली नाही’ हेही अन्यायाचं आहे. बव्हेरियात महापौर थेट जनतेतून सहा वर्षांसाठी निवडला जातो. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. चोवीस वर्षं म्हणजे चार वेळा मतदारांपुढे जाणं. जर्मनीच्या मानाने हा विक्रमही नाही: ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेट या दुसऱ्या राज्यातल्या विंडहागन गावाचे योसेफ रुडेल 1963 ते 2019 महापौर होते. लांब कारकीर्द म्हणजे हुकूमशाही, असा सरळ हिशेब तिथे लागू पडत नाही.

सरकारी पैशाचं काय? पवनचक्क्यांना बळ दिलं ते एका कायद्याने. 1 एप्रिल 2000 पासून जर्मनीत नियम झाला की सौर, वारा, बायोगॅस यांपासून केलेली वीज ग्रिडने, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याने, घ्यायलाच हवी, आणि तीही वीस वर्षांसाठी ठरवून दिलेल्या दराने. विजेला मिळालेला हा हमीभावच. त्याचा भार मुख्यतः सरकारी तिजोरीवर नव्हता. 2022 च्या मध्यापर्यंत तो देशभरच्या वीजग्राहकांच्या बिलातून अधिभार म्हणून वसूल होत होता. बँका शेतकऱ्यांना कर्ज द्यायला तयार झाल्या त्या या हमीमुळे. हा कायदा देशपातळीवरच्या राजकारणातून आला. त्याचं श्रेय कुठल्याही खेड्याच्या महापौराला देता येत नाही.

आता तो 500 टक्क्यांचा आकडा. तो फक्त विजेचा आहे. गाड्यांचं डिझेल आणि घरं गरम ठेवायला जाळलेलं तेल त्यात धरलेलं नाही, म्हणून ‘ऊर्जा’ म्हणणं चूक. शिवाय वापराच्या पाचपट उत्पादन झालं, तर जास्तीची वीज 400 टक्के ठरते. हा हिशेबही वर्षभराचा आहे. वारा पडलेल्या हिवाळी रात्री गाव बाहेरून वीज घेतंच, आणि इतरांसारखं बिलही भरतं. गाव ग्रिडपासून तुटलेलं असतं, तर सीमेन्स आणि स्थानिक वीजकंपनीने तिथे 2011 पासून स्मार्ट ग्रिडचे, म्हणजे विजेच्या उत्पादन-वापराचा मेळ आपोआप घालणाऱ्या जाळ्याचे, प्रयोग कशाला केले असते? गावाचं वीजजाळं काही काळ स्वतंत्र चालवता येईल का, हे पुढे तिथेच तपासलं गेलं. त्याच गावात 2010 मध्ये सोनेन ही घरगुती बॅटऱ्यांची कंपनी सुरू झाली. 2019 मध्ये शेल या तेलकंपनीने ती विकत घेतली.

‘इच्छाशक्ती असली की झालं’ असं हा मजकूर सुचवतो. पण तेवढ्याने भागत नाही. 2014 च्या अखेरीस बव्हेरियाच्या राज्य सरकारने नियम केला: पवनचक्की जेवढी उंच, त्याच्या दहापट अंतर वस्तीपासून ठेवायचं. दोनशे मीटरच्या पवनचक्कीला दोन किलोमीटर. दाट गावांच्या त्या प्रदेशात नव्या पवनचक्क्या त्यामुळे जवळजवळ थांबल्या. सरकार होतं सीएसयूचंच, त्सेंगर्ले यांच्या स्वतःच्या पक्षाचं. ज्या गावाचे दाखले जगभर दिले जात होते, त्याच्या महापौराला पक्षातूनही हा नियम अडवता आला नाही. तो सैल व्हायला 2022 उजाडलं. तोवर त्यांनी पद सोडून दोन वर्षं झाली होती.