वर्गणी देते, पण कॅमेऱ्यासाठी नको

फोंडा तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन आठवडे जुंपलीय. वर्गणीचे पैसे कशावर घालायचे? एक पार्टी म्हणते नव्या शैक्षणिक धोरणात कलेला महत्त्व आलंय, दोन डीएसएलआर कॅमेरे घ्या आणि आठवी-नववीला फोटोग्राफी सुरू करा. दुसरी म्हणते पोरं आधीच मोबाईल घेऊन बिघडलीत, त्यापेक्षा दहावीला गणिताचा जादा मास्तर ठेवा. मग भाईंनी मला टॅग केलं, "तू सांग गो, तुमच्या इंग्लंडात कसं असतं?"

आता भाई आम्हाला दहा वर्षांनी सीनियर, त्यांना नाही कसं म्हणणार. पणजीला आल्तिनोच्या आर्ट कॉलेजातून बाहेर पडल्यावर मी तीन वर्षं गोव्यातच काँट्रॅक्टवर ड्रॉइंग शिकवलं, म्हणजे खरं तर ड्रॉइंगचा पिरियड दुसरं कोणी मागेपर्यंत सांभाळला. मग वडिलांच्या पोर्तुगीज राजवटीतल्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट, मग इंग्लंडातलं स्विंडन, वेअरहाऊसच्या नाइट शिफ्टा, आणि आता एका सेकंडरी स्कूलमध्ये आर्ट टेक्निशियन. टीचर नव्हे हां. कागद कापायचे, भट्टी लावायची, डार्करूमची केमिकल्स मिसळायची आणि पोरांनी हरवलेली मेमरी कार्डं शोधायची.

इथे सोळाव्या वर्षी जीसीएसई असते, आपल्या दहावीसारखी परीक्षा, त्यात आर्ट घेणाऱ्याला फोटोग्राफी हा वेगळा प्रकार निवडता येतो. 60 टक्के मार्क कोर्सभर केलेल्या कामाच्या पोर्टफोलिओला, उरलेले 40 बोर्डाने दिलेल्या विषयावरच्या कामाला, त्याच्या शेवटी 10 तास परीक्षेसारखं बसून काम करायचं. गंमत मार्क देण्यात आहे: कल्पना कशी वाढवली, काय काय करून बघितलं, काय टिपून ठेवलं आणि शेवटी काय उभं केलं, चारही गोष्टींना सारखंच वजन. म्हणजे चांगल्या शेवटच्या चित्रावर फक्त पाव भाग. पहिल्या वर्षी एका मुलीने एकाच बसस्टॉपचे तीसेक फोटो काढून आणले, निम्मे हललेले, मी म्हटलं ही नापास होणार. तर तिच्या टीचरने हललेलेच बाजूला काढून विचारलं, हे का हललेत, परत मुद्दाम हलवून बघ. मला आमचे तास आठवले, दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी, आणि चित्र रबराने खोडून फाटलं तर छडी.

पण ग्रुपवरच्या काही जणांना वाटतं तसा इथे स्वर्ग नाही. पोरं हुशार असतात, शेवटचा फोटो आधी काढतात आणि आदल्या रात्री बसून मागचे "प्रयोग" तयार करतात, कागदाला कॉफीचे डाग पाडून पानं जुनी दिसतील अशी सोय करतात. आणि गणित विरुद्ध कला हे भांडण इथेही आहेच. 2010 मध्ये सरकारने ईबॅक नावाचं एक माप आणलं, इंग्रजी, गणित, सायन्स, इतिहास किंवा भूगोल आणि एक भाषा, यात किती मुलं पास त्यावर शाळा मोजायची, कला त्यात नाहीच, मग शाळांनी हळूहळू आर्टचे तास खाल्ले. 2025 मध्ये ते माप काढून टाकणार असं जाहीर झालं. पंधरा वर्षं गेली त्यात. मोबाईलचं म्हणाल तर शाळेत तो इथेही बंद, 2024 मध्ये सरकारनेच तशा सूचना दिल्यात, म्हणून मी कॅमेरे वाटते आणि मोजून परत घेते.

आणि कॅमेऱ्याशिवायही फोटो होतो हो. मार्चमध्ये आम्ही सायनोटाइप केले. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड मिसळून अंधाऱ्या खोलीत कागदाला फासायचं, वाळला की त्यावर पान ठेवून उन्हात, मग नुसत्या पाण्यात धुवायचा, पानाची जागा पांढरी आणि बाकी निळंशार. 1842 ची पद्धत आहे. आमचे कागद मैदानावर पाऊण तास पडून होते, ढग हटेनात, एका पोराने विचारलं मिस, यू शुअर? मला आमच्या गावचं ऊन आठवलं, पाच-सात मिनिटांत काम झालं असतं. गोव्यात 2025 पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू केलेत, त्यावरून पालक चिडलेत आणि मला त्यांचं पटतंही, पण पोरांना त्या उकाड्यात बसवलंच आहे तर निदान त्या उन्हाचा काहीतरी उपयोग करा की.

त्याहून मोठी गोष्ट आपण विसरतोय, गणपतीच्या मूर्ती घडवतात ती चित्रशाळा. श्रावणात आमच्या वाड्यावरची निम्मी पोरं शाळा सुटली की गणपतीच्या चित्रशाळेत असायची. चिकणमाती तुडवायची, सोंडेला ओला फडका गुंडाळून ठेवायचा, डोळे मात्र मालकच काढणार, बाकीच्यांनी श्वास रोखून बघायचं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, ड्रॉइंगला काठावर पास, आणि चित्रशाळेत त्याच्या हाताला मालक बोटांची नक्षी द्यायचे. शाळेला पत्ताच नव्हता. इथल्या पोरांकडे स्केचबुकं आहेत पण असा हात क्वचित दिसतो, असं शिकायला त्यांना जागाच नाही.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, डीएसएलआर नको, कपाटात बुरशी धरेल (आपल्या पावसात लेन्सला धरतेच). नववीच्या मुलांना श्रावणात चित्रशाळेत पाठवा, रोज काय केलं, काय चुकलं ते वहीत लिहू दे, शिक्षकांच्या परवानगीने घरच्या फोनवर फोटो काढू दे, आणि ते ड्रॉइंगच्या मार्कांत धरा. गणपतीच्या वर माटोळी बांधतो, तिच्या पानाफळांचे सायनोटाइप करा. गणिताचा मास्तरही ठेवा, माझं काय जातंय.

सोबत पाच हजार पाठवले, "केमिकलसाठी" असं लिहून. भाईंचा लगेच मेसेज, ते फेरि-काय ते, नावात सायनाइड दिसतंय गो, शाळेत पोलीस यायचे नाहीत ना?